एक खोट सांगावी लागते

मनकर्णाबाईंनी जन्मात पुष्कळ भांडणं ऐकली. आर्वीत एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत घर असलं की भांडणं ऐकायला वेगळं कुठं जावं लागत नाही, ती आपली चालत घरात येतात. पण एक भांडण त्यांच्या कानात कायमचं राहिलं, आणि ते काही मोठं नव्हतं. ना कोणी काठी उगारली, ना कोणी कोणाचे पूर्वज काढले.

लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. रोहण्याचा एक माणूस आपल्या पोरीला घेऊन दारात आला. पोर हुशार, गावातली शाळा संपलेली, पुढची शाळा आर्वीत. रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं. एक गाडी होती आणि तीही आपल्या मर्जीची. पोरीला दोन वर्षं घरात ठेवून घ्या, ज्वारी-तूर मी पोचवत जाईन, एवढंच त्याचं म्हणणं. मनकर्णाबाईंचे यजमान महादेवराव बाजारात मापारी होते. त्या माणसाचा कापूस त्यांनी तोलला होता, तेवढीच ओळख. तेवढ्यावर ते हो म्हणून मोकळे झाले. मोठे भाऊ तानबाजी नाही म्हणाले. मग ओसरीवर दोघा भावांची जुंपली, आणि मनकर्णाबाई आत चुलीपाशी, हात पिठात.

तानबाजींचं एकच पालुपद होतं. "कोनाची पोर, कशी पोर, चौकशी केली काय तू?"

महादेवराव म्हणाले, "त्यानं कुठी आपली चौकशी केली? पोर तं तो ठेवून राह्यला आपल्या भरोशावर."

तानबाजी यावर आणखी जोरात बोलले. घरात मोठ्याचा आवाज मोठा झाला की निकाल लागल्यातच जमा असतो. पोर बाहेर कडुनिंबाखाली बसून सगळं ऐकत होती. दुपारच्या गाडीनं बाप तिला परत घेऊन गेला. मनकर्णाबाईंनी तिच्या वाट्याची भाकर टाकली होती, ती तव्यावरच राहिली. पुढं कळलं, त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. तिचं नाव काय, ते विचारायचंही राहून गेलं.

नव्या सुनेला कोण विचारतं? त्या गप्प बसल्या. पण गप्प बसणं म्हणजे विसरणं नव्हे. पुढं भावांच्या वाटण्या झाल्या, मागच्या मोकळ्या जागेत दोन पक्क्या खोल्या बांधायचं ठरलं, तेव्हा महादेवरावांच्या डोक्यात तिथं बैलांचं कुटार भरायचं होतं आणि मनकर्णाबाईंच्या डोक्यात पोरी होत्या. सुतार आला तसं त्यांनी त्याला आधी कडी आतून बसवायला लावली. तो म्हणाला, बाहेरून कुलपासाठी लावतो की. त्या म्हणाल्या, बाहेरची कोणीबी लावते, पोरीच्या जातीला आतली पाहिजे. महादेवरावांनी थोडे दिवस कुटाराचा विषय काढून पाहिला, मग बैलच विकून टाकले.

तेव्हापासून त्या खोल्या कधी रिकाम्या राहिल्या नाहीत. रोहणा, इकडची-तिकडची खेडी, कुठून कुठून पोरी आल्या. कोणी नर्स झाली, कोणी तलाठी. एक जण पळून जाऊन लग्न करून तिसऱ्या दिवशी नवऱ्यासकट पाया पडायला आली. मनकर्णाबाईंनी आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग दोघांची ओटी-नारळ केलं. गेल्या साली मनकर्णाबाई गेल्या, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवून जराशा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या तेरवीला इतक्या बाया आल्या की त्यांच्या मुलाला, कैलासला, दुसऱ्यांदा भात लावावा लागला. ज्या-त्या बाईला वाटत होतं, मनकर्णाबाईंची खरी लाडकी मीच. तसं प्रत्येकीला वाटू देणं, ही त्यांची हातोटी.

त्यांची आणखी एक ख्याती होती. सोयरिकीची चौकशी करायला आलेला माणूस गल्लीत शिरला की सरळ त्यांच्याकडं यायचा. आपल्याकडची रीत अशी, की चौकशीला आलेल्याला नुसते गुण सांगितले तर तो मानेनं हो-हो करतो आणि मनातून उठून जातो. एक खोट सांगावी लागते. सोयरीक मोडेल अशी नाही, पण खरी. मग गुणांवर विश्वास बसतो. बाकीचे लोक ही खोटही खोटीच सांगतात: पोरगी जरा लाजाळू आहे, पोरगा जरा साधा आहे. मनकर्णाबाईंना ते जमत नसे. समोरच्या घरच्या काजलची चौकशी आली, तेव्हा त्यांनी सांगितलं, पोरगी सोन्यासारखी आहे पण सकाळी उठत नाही, सूर्य तिच्यासाठी थांबून राहतो. काजलची आई महिनाभर बोलली नाही. सोयरीक मात्र झाली, आणि आज काजलची सासू सकाळचा चहा स्वतः मांडते. आधीच माहीत होतं ना, मग तक्रार कोणाकडं करणार?

गुंजन आली ती हिंगणीहून, बोरच्या जंगलाकडून. गुंजन कुमरे. बाप हेमराज वनखात्यात मजूर. आर्वीच्या कॉलेजात तिचा बी.एस्सी.ला नंबर लागला. तिचा मामा आर्वीतच रोपवाटिकेत कामाला, पण त्याच्या एका खोलीत आधीच सहा माणसं. बापलेक सकाळपासून खोली शोधत हिंडत होते. खोली आहे, म्हणायचे लोक. मग नाव विचारायचे. कुमरे म्हटलं, म्हणजे गोंड, जंगलाकडचं गाव म्हटलं, की खोली आत्ताच कोणाला तरी देऊन झालेली असायची. आर्वीत त्या दिवशी खोल्या फार भराभर भरत होत्या.

हेमराज मनकर्णाबाईंच्या फाटकाशी आला आणि तिथंच थांबला. चौथ्या-पाचव्या दारानंतर माणूस आत यायचं सोडतो. मनकर्णाबाईंनी बापलेकींना आत बसवलं, पाणी दिलं, आणि पोरीला विचारलं, अंधाराचं भेव वाटते काय? कारण मागच्या खोलीचा दिवा अधूनमधून जातो. गुंजन म्हणाली, नाही वाटत. जंगलातल्या पोरीला हा प्रश्न विचारला म्हणून बापाला हसू आलं. तो वाट पाहत होता, आता नाव विचारतील. त्यांनी विचारलं ते असं, की पोरीला तिखट किती लागतं. नाव दुसऱ्या दिवशी विचारलं, हाक मारायची वेळ आली तेव्हा.

तीन वर्षं गुंजन त्या खोलीत राहिली. अभ्यासात अशी, की दिवा गेला तर अंगणात, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात. हेमराज यायचा तो कधी हात हलवत आला नाही. चारोळी, टेंभरं, जंगलात जे पिकेल ते. मनकर्णाबाई म्हणायच्या, कशाला आणता; आणि पिशवी आत ठेवून द्यायच्या.

पहिल्याच वर्षी एक गोष्ट झाली. गुंजन कॉलेजात फोनवर आपल्या आजीशी गोंडीत बोलत होती, आणि मागं बसलेल्या पोरी ते बोलणं नकलून हसल्या. संध्याकाळी गुंजन घरी आली, कडी लावली, आणि जेवायला आली नाही. मनकर्णाबाईंनी एकदा दार वाजवलं. आत माणूस आहे एवढं कळेल इतपत हालचाल झाली. दुसऱ्यांदा त्यांनी वाजवलं नाही. ताट वाढलं, वरून झाकलं, दाराबाहेर ठेवलं, आणि आपल्या कामाला लागल्या. सकाळी ताट घासून पालथं घातलेलं. काय झालं ते गुंजननं पंधरा दिवसांनी आपणहून सांगितलं. त्यानंतरही असं कैकदा झालं. कोणी लावून बोललं की पोर भांडायची नाही, रडायची नाही. कासवासारखी आत जायची. आणि समोरच्याला पत्ताच नसायचा, आपण काय केलं. मनकर्णाबाईंना हे आवडायचं नाही. पण ताट ठेवायला त्यांनी कधी उशीर केला नाही.

बी.एस्सी. झाली आणि एक दिवस गुंजन सांगत आली, सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, नदीच्या पाण्याचा अभ्यास करायला आयर्लंडला जायचं. हेमराजनं हिंगणीत गावजेवण दिलं. मनकर्णाबाईही गेल्या होत्या. हेमराजनं त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, की हे आयर्लंड नेमकं कोणत्या बाजूला. त्या म्हणाल्या, तिकडचं आपल्याला काय मालूम, तिले म्हना उतरल्यावर विचारजो.

उतरल्यावर गुंजननं विचारलं, पुष्कळांना विचारलं, पण खोली काही मिळेना.

गॉलवे नावाचं समुद्रकाठचं गाव. शिकायला येणारी पोरं ढीगभर आणि खोल्या मोजक्या. कॉलेजच्या वसतिगृहात तिच्या आधीच जागा संपली. तात्पुरती एक खाट मिळाली होती, एका खोलीत सहा खाटा, रोज नवी माणसं, कोणी रात्री गाणं म्हणतं, कोणी पहाटे सामान बांधतं. कॉम्प्युटरवर खोलीची जाहिरात पाहायची आणि लिहायचं. उत्तरच यायचं नाही. एका घरी पाहायला बोलावलं, तर दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत रांग. दुसऱ्या घरी फोनवर तिचा आवाज ऐकला आणि सांगितलं, गेली खोली. गुंजन मनकर्णाबाईंना म्हणाली, आजी, इथं आडनाव कोणी विचारत नाही, पण खोल्या आर्वीसारख्याच भराभर भरतात.

खरा घोर वेगळाच होता. राहण्याचा पक्का पत्ता दाखवल्याशिवाय तिथल्या कचेरीत तिची नोंद पुरी होणार नव्हती, आणि खाट होती फक्त शुक्रवारपर्यंत. पुढं काय, याचं उत्तर एकच होतं: परतीचं तिकीट. गावजेवण देऊन बसलेल्या बापाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून तिनं फोन केला तो मनकर्णाबाईंना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जेवली काय? पलीकडून उत्तर आलं नाही. म्हणजे नव्हती जेवली, आणि ताट ठेवायला तिथं कोणी नव्हतं. त्या रात्री मनकर्णाबाईंनाही घास गेला नाही.

मग बुधवारी एक म्हातारी भेटली. नोरा तिचं नाव. नवरा गेलेला, मुलं दूर, लहानसं घर, वरच्या मजल्यावर एक खोली. गुंजन तिला आवडली असावी, कारण खोली दाखवून झाल्यावरही तिनं बसवून ठेवलं. पण हो म्हणेना. याआधी जिथं राहिलीस, त्या घरमालकिणीशी बोलल्याशिवाय मी खोली देत नाही, म्हणाली. तिकडं तशी पद्धतच आहे म्हणे. लोक जुन्या मालकाचा कागद आणून देतात. गुंजननं सांगितलं, मालकीण आजी आहे, तिला इंग्रजी येत नाही, तिच्या सुनेकडून कागद लिहून आणते. नोरा म्हणाली, कागदावर कोणीही काहीही लिहितं. मला बाईचं तोंड पाहू दे. तू सांग ती काय म्हणते ते.

आर्वीत निरोप आला, उद्या दुपारी चार वाजता फोन, तोंडं दिसतील असा. तिकडं तेव्हा सकाळ. कैलासची बायको रूपाली बी.ए. झालेली, घरातलं मोबाइलचं खातं तिच्याकडं. तिनं सकाळपासून सासूला पढवलं. पोरगी चांगली, शांत, स्वच्छ, वेळेवर भाडं देणारी. बस, एवढंच बोलायचं. मनकर्णाबाई हो-हो म्हणत होत्या आणि पोहे भिजवत होत्या.

चार वाजायच्या आधी त्यांनी पेटीतलं चांगलं लुगडं काढलं. अंगणात खुर्ची मांडली, पुढं स्टूल, स्टुलावर डब्याला टेकवून मोबाइल. आणि मोबाइलच्या पुढ्यात पोह्यांची बशी आणि चहाचा कप.

रूपाली म्हणाली, "आई, ते कोनासाठी?"

"चौकशीले आलेलं मानूस हाय. तसंच पाठवाचं काय?"

"त्या खातीन कशा इथं?"

"नको खाऊ दे. आपन ठेवलं नाई असं नको व्हाले."

फोन लागला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग गुंजनचा कान, मग दोघी जणी नीट दिसल्या. नोराचे केस पांढरेशुभ्र, नाकावर चष्मा, तोंड घट्ट मिटलेलं. मनकर्णाबाईंनी हात जोडले. तिनंही जोडून पाहिले.

सुरुवातीचे प्रश्न सरळ होते. किती वर्षं राहिली, खोली कशी ठेवायची, येणं-जाणं कोणाचं. मनकर्णाबाई सांगत गेल्या, गुंजन इंग्रजीत करत गेली. रूपालीचा जीव भांड्यात पडला. मग नोरानं विचारलं, आणखी मला काही माहीत असायला हवं काय? रूपालीनं पडद्याच्या बाहेरून हात हलवून नाही-नाहीची खूण केली.

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. "एक खोट हाय."

रूपालीनं त्यांच्या कोपराला चिमटा घेतला. त्यांनी कोपर बाजूला घेतलं आणि बोलत राहिल्या. "ह्या पोरीले दुखलं का हे बोलत नाई. कडी लावते, जेवत नाई. भांडन नाई का रडनं नाई. समोरच्यानं वळखून घ्यावं, असं वाटते तिले. अन् समोरच्याले तं मालूमच नसते का झालं काय. सारखं दोन-दोन दिवस."

पडद्यावरची गुंजन हलेना. नोरा एकदा हिच्याकडं पाही, एकदा तिच्याकडं.

गुंजन हळूच मराठीत म्हणाली, "आजी, हे सांगू?"

"सांग. जसंच्या तसं सांग."

"खोली जाईन, आजी. उद्या शुक्रवार हाय."

"मले मालूम हाय उद्या कोनता वार हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुहं खरं सांगून दार उघडलं तं उघडलं. खोटं सांगून उघडलं, तं पहिल्या रुसव्याले ते बंद होते. मंग परदेशात कोनाच्या वट्ट्यावर बसशीन?"

गुंजनला काहीही सांगता आलं असतं. नोराला मराठी येत नव्हतं, मनकर्णाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. मधली होडी तिच्याच हातात. पण ती बोलली. खाली पाहून, सावकाश बोलली. रूपालीचं इंग्रजी बी.ए.पुरतंच, तरी तिला दार, जेवण आणि दोन दिवस हे तिन्ही शब्द ऐकू आले, आणि तिनं कपाळाला हात लावला.

नोराच्या कपाळावर आठी आली नाही, हसूही आलं नाही. तिनं एवढंच विचारलं, की मग तुम्ही काय करत होता?

"मी काय करनार? एक डाव दार वाजवो. मंग ताट झाकून बाहेर ठेवो अन् आपल्या कामाले लागो. सकाळी ताट घासून पालथं घातलेलं राहे. मंग मी चहा मांडो. इचारत नाई. तिले वाटलं का ते सांगते."

हे गुंजननं इंग्रजीत केलं. नोरा बराच वेळ काही बोलली नाही. रूपालीला वाटलं, फोन बंद पडला. मनकर्णाबाईंना मात्र चौकशीतल्या अशा गप्पगप्प वेळांची सवय होती. चौकशीला आलेला माणूस गप्प झाला, की आता आपली पाळी.

"झालं काय त्याहिचं इचारून? आता मी इचारतो म्हना."

"आई," रूपाली दातांतून म्हणाली.

"आपली पोर त्याहिच्या घरी चालली. एकाच बाजूनं चौकशी होते काय कुठी?"

आणि त्यांनी विचारलं. घरात कोण कोण असतं. मुलं कधी येतात, आली की कुठं झोपतात. खोलीला कडी आतून आहे की बाहेरून. थंडीत पोरीला पांघरायला काय. चुलीला हात लावू द्याल की नाही, कारण पोरीला भाताशिवाय जमत नाही. गुंजन मान खाली घालून एकेक विचारत होती, आणि नोरा, काय आश्चर्य, एकेकाचं उत्तर देत होती. कडीचं विचारलं तेव्हा ती उठून मोबाइल घेऊन वर गेली आणि कडी दाखवली. आतून होती. मनकर्णाबाईंनी मान हलवली.

"आता त्याहिले म्हना, तुमची एक खोट सांगा."

गुंजन म्हणाली, "आजी, नको."

"मी सांगतली ना आपली?"

गुंजननं विचारलं. रूपालीनं डोळे मिटून घेतले. नोरानं चष्मा काढला, झग्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग ती बोलायला लागली आणि बरंच बोलली. गुंजन ऐकत होती आणि तिचं तोंड बदलत होतं.

"आजी, त्या म्हनते का मी तोंडानं वाईट हाय. राग आला का बोलतो, मागचं-पुढचं पाहत नाई. नवरा गेल्यापासून जास्तीच झालं. याच्या आधीच्या दोन पोरी त्याच्यापायी निघून गेल्या. मंग खोली कोनाले द्यावाचं भेवच वाटे. म्हून म्हनत होत्या, का पोरगी टिकनारी हाय का नाई ते पाहू दे."

मनकर्णाबाई खुर्चीत मागं टेकल्या. सोयरीक जमली की माणूस टेकतो तशा.

"मंग जमते. एक बोलनारी, एक न बोलनारी. दोघी बोलनाऱ्या राह्यल्या असत्या तं घराचं खरं नव्हतं. त्याहिले सांग, बोलनारं मानूस बरं, पोटात ठेवत नाई. अन् तू बी आयक. ते बोलली तं तासाभरात इसरून जाईन. तू दोन दिवस धरून नको बसू."

गुंजननं किती इंग्रजीत केलं आणि किती गिळलं, ते तिचं तिला माहीत. पण नोरा हसली, पहिल्यांदाच. मग तिनं बोटानं दाखवून विचारलं, तुमच्या पुढं ते पिवळं काय ठेवलंय? तुमच्यासाठीच आहे, म्हटल्यावर ती उठली, आतून आपला चहाचा कप घेऊन आली आणि मोबाइलसमोर धरला. इकडं मनकर्णाबाईंनी तिच्या वाटचा चहा उचलला. तो केव्हाचा थंड झाला होता, पण त्या दिवशी त्यांना तो गोड लागला.

गुंजन त्याच संध्याकाळी सामान घेऊन नोराकडं गेली.

हेमराजला हे सगळं नंतर कळलं. तो आर्वीला आला, चारोळीची पुडी ठेवली आणि ओसरीवर बसला. उठताना म्हणाला, "बाई, मायी पोर दोन डाव दाराबाहेर होती. दोन्ही डाव तुम्ही उघडून देल्लं." मनकर्णाबाई म्हणाल्या, दुसऱ्या वेळचं दार त्या बाईनं उघडलं, मी तर इथं पोहे घेऊन बसली होती.

दिवाळी गेली आणि एक दिवस गुंजनचा फोन आला. ओला टॉवेल नको तिथं वाळत घातला म्हणून नोराबाई बोलल्या होत्या, चांगल्या घटकाभर बोलल्या होत्या. गुंजन वर गेली, कडी लावली. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. दार एकदा वाजलं. मग पावलं खाली गेली. तिनं उघडून पाहिलं तर दाराबाहेर ताट, दुसऱ्या ताटानं झाकलेलं. दोन उकडलेले बटाटे, एक अंडं, पावाचा तुकडा.

मनकर्णाबाईंनी विचारलं, "मंग खाल्लं काय?"

"खाल्लं, आजी. अन् खाली गेली, अन् टॉवेल चुकला म्हटलं."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

मनकर्णाबाईंनी फोन ठेवला आणि देवापुढं साखर ठेवली. कशाची साखर, कैलासनं विचारलं. त्या म्हणाल्या, देवाले मालूम हाय, तू खा.

त्या दिवसापासून नोराबाई त्यांची विहीण झाली. रूपालीनं पुष्कळ समजावलं, की आई, ती घरमालकीण आहे, भाडं घेते. मनकर्णाबाई म्हणाल्या, मीही घेतच होते. दोन्हीकडून चौकशी झाली, खोट सांगून झाली, पोर सुखानं नांदते. याला सोयरीक नाही तर काय म्हणतात? आणि सोयरीक म्हटली की दिवाळीचा आहेर आला. उन्हाळ्यात त्यांच्या कुरोड्या आणि पापड व्हायचे तेव्हाच विहिणीचा वाटा वेगळा काढला जायचा. सोबत एक खण. पहिल्या वर्षीच्या खणाचं विहिणीनं काय केलं, तर खिडकीत फुलाच्या कुंडीखाली अंथरला. फोटो पाहून मनकर्णाबाई जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, उजेडात तर आहे.

विहिणीकडून लोकरीची जाड शाल आली. आर्वीच्या उन्हात तिचं काम काय? पण पौषात पहाटे अंगण झाडताना त्या ती अंगावर घ्यायच्या, आणि कोणी विचारायच्या आधीच सांगायच्या, विहिणीनं धाडली. गुंजनचं शिक्षण संपलं, तिला तिकडंच दुसऱ्या गावी नोकरी लागली, खोलीत दुसरी पोर आली. आहेर काही थांबला नाही. पोर घरातून निघाली म्हणून विहिणी तुटतात काय?

गेल्या साली पाऊस लांबला. डब्यातल्या कुरोड्या सादळल्या, त्यांना पुन्हा ऊन दाखवावं लागलं, म्हणून पार्सलला उशीर झाला. घटस्थापनेला चार-पाच दिवस उरले असतील. रूपाली म्हणाली, मी टाकून येते. मनकर्णाबाई म्हणाल्या, आहेर का कोणी दुसऱ्याच्या हातानं धाडतं?

सकाळची कामं आटोपून त्या निघाल्या. आधी प्रेमदास शिंप्याकडं. खोक्याला पांढरं कापड शिवून देणं हे त्याचं दरवर्षीचं काम. त्यानं शिवलं, त्यांनी कोपरे बोटानं चाचपून पाहिले, एका कोपऱ्याला आणखी चार टाके घालायला लावले. मग पोस्टात. रांग होती. त्या उभ्या राहिल्या. पुढच्या बाईला गुडघे कसे आहेत विचारलं.

खिडकीत धीरज होता. त्यानं पार्सल काट्यावर ठेवलं आणि दरवर्षीचा प्रश्न विचारला.

"आजी, आत काय हाय?"

"आहेर."

"आहेर लिहिता येत नाही, आजी. सामान सांगा."

"मंग तुले जे लिहाचं ते लिव. हाय तो आहेर."

धीरजनं खाण्याचे पदार्थ व कापड असं लिहिलं, तेही दरवर्षीचंच. काटा हलत होता. मापाऱ्याची बायको ती. थांबू दे म्हणाल्या, स्थिर होऊ दे. काटा स्थिर झाला. ठप्पा पडला. पावती घेऊन त्यांनी घडी करून बटव्यात टाकली, पार्सलवर एकदा हात फिरवला आणि मागच्या माणसाला जागा करून देत बाजूला झाल्या.

बाहेर ऊन बरं होतं. डेपोच्या भिंतीच्या सावलीनं चालत त्या कोपऱ्यापर्यंत आल्या, भाजीवालीपाशी थांबल्या आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी उचलली. पिवळी पानं होती. ती ठेवून दुसरी घेतली.